इस्त्री तापेपर्यंतची जागा

इरा आणि अर्णव,

परवा तुमच्या आईनं इराच्या शाळेतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. मी आजोबांना हाक मारली, तो मोठ्या टीव्हीवर लावला आणि आम्ही दोघं चहाचे कप घेऊन समोर बसलो. इरा मँडोलिन घेऊन स्टेजवर आली, खुर्ची पुढे ओढून नीट बसली, आणि तिच्या त्या स्पष्ट इंग्रजीत म्हणाली, की ही धून दुबईतल्या माझ्या आजीच्या शेजाऱ्यांनी बनवली आहे आणि त्यांचं नाव वेंडेल.

इरा, तू छान वाजवलंस. हात कुठेही अडखळला नाही. टाळ्याही भरपूर पडल्या. पण धून संपेपर्यंत माझी मान खाली गेली होती. आजोबांनी कप तसाच टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, "आता पोरीला सांगायला हवं."

तुझं काही चुकलेलं नाही. तुला जे सांगितलं गेलं, तेच तू सांगितलंस. वेंडेल गेल्या महिन्यात दुबई सोडून गेला. जाताना तुझ्यासाठी एक निरोप माझ्याजवळ ठेवून गेला. तुम्ही सुट्टीत येणारच आहात, तेव्हा समोर बसवून सांगू, असं मी ठरवलं होतं. त्याआधी तुझा कार्यक्रम होईल हे कुणाला ठाऊक होतं?

हे मराठीत लिहिते आहे. जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीत लिहिणं मला जड नाही. पण ते तुम्ही टोस्ट खाता खाता फोनवर वाचून मोकळे व्हाल. मराठी म्हटलं की आईला वाचून दाखवावं लागेल आणि तुम्हाला तिच्याजवळ बसावं लागेल. वेंडेलबद्दल ऐकायचं तर बसूनच ऐकायला हवं.

तो आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आला तेव्हा आधी त्याचं सामान आलं. लिफ्टमधून ट्रॉलीवर काळ्या, लांबट, गोलसर पेट्या निघत होत्या. आजोबा दाराच्या काचेतून बघत म्हणाले, "वाद्यं तरी असतील, नाहीतर माणसाचे तुकडे."

"अहो, हळू बोला."

दुसऱ्या दिवशी भिंतीतून कळलं की वाद्यं आहेत. सकाळी फिडल, म्हणजे अमेरिकन पद्धतीनं वाजवलेलं व्हायोलिन. मग टणटणीत बँजो. दुपारी मँडोलिन, चहाच्या वेळी गिटार, आणि मध्येच माउथ ऑर्गन. भिंतीपलीकडे अख्खं कुटुंब राहतं अशी माझी समजूत झाली. रियाजाच्या वेळा ठरवून घ्याव्यात म्हणून मी बेल वाजवली. दार उघडलं तर उंच, जरासा वाकलेला, पांढरे केस रबरबँडनं मागे बांधलेला एक म्हातारा उभा.

"तुमच्याकडे किती जण राहतात?" मी शाळेतल्या आवाजात विचारलं.

"मी एकटाच, मॅडम. बाकीचे पेट्यांमध्ये राहतात."

वेळा लगेच ठरल्या. त्यानं त्या कधी मोडल्या नाहीत. जाताना त्यानं मला विचारलं, की भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या साबणाच्या डब्या कुठे मिळतील? मी त्याला मीना बाजारची एक गल्ली सांगितली. मला वाटलं, एकट्या माणसाला एवढे साबण कशाला? नंतर कळलं. आपल्या घरातल्या एसीनं हवा इतकी कोरडी होते की वाद्यांचं लाकूड तडकतं. तो डबीत ओला स्पंज घालून प्रत्येक पेटीत एक डबी ठेवायचा. रोज संध्याकाळी कामावर जाण्याआधी सगळ्या डब्या ओल्या करायच्या. आजोबा म्हणायचे, "वेंडेल गुरांना पाणी पाजतोय."

काम म्हणजे मरीनाच्या कडेच्या फिरायच्या रस्त्यावरच्या एका अमेरिकन ग्रिलमध्ये वाजवणं. तुम्ही गेला होतात तिथे. तिथला मॅनेजर त्याला रुंद काठाची टोपी आणि चौकड्यांचा शर्ट घालायला लावायचा. आम्ही पहिल्यांदा ऐकायला गेलो तेव्हा माझी नजर टोपीवरच अडकली. त्यानं ते ओळखलं. म्हणाला, "मिसेस जे, टोपी हॉटेलची आहे. डोकं माझं आहे." जोगळेकर त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून मी मिसेस जे. आजोबा जबल अलीच्या बंदरावर काम करतात हे कळल्यापासून ते कॅप्टन. आजोबांनी आयुष्यात आब्रापेक्षा, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीपेक्षा, मोठ्या बोटीत पाय ठेवलेला नाही, पण कॅप्टन म्हटलं की ते ताठ बसायचे.

त्याचं संगीत काय, हे मी त्याला नीट विचारलं होतं. त्याच्या देशात डोंगरांतली, शेतांतली, गिरण्यांतली, चर्चमधली माणसं ओसरीवर बसून जे वाजवायची ते. काळ्या माणसांनी गोऱ्यांना दिलेलं, गोऱ्यांनी काळ्यांना दिलेलं, एकमेकांच्यात मिसळून गेलेलं. "हे कागदावर नसतं," तो म्हणाला. "एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं. म्हणून आमचा एकच नियम. वाजवण्याआधी सांगायचं, की हे कुणाच्या हातातून आलं."

आणि तो सांगायचा. हॉटेलात कुणी ऐको न ऐको, प्रत्येक धुनेआधी नाव घ्यायचा. ही आमच्या गावच्या न्हाव्याकडून घेतली. ही एका बस ड्रायव्हरकडून, तो सिग्नलला थांबला की वाजवायचा. ही माझ्या आईच्या मावशीची, तिला तीनच सूर आवडायचे. तीस-चाळीस वर्षं तो मोठ्या गायकांच्या मागे उभा राहिला होता. ज्या दिवशी जो वादक आला नाही त्याचं वाद्य हा वाजवणार. मग क्रूझ जहाजं, मग दुबई. फोटोत तो नेहमी कडेला, अर्धा कापलेला. पण नावं विचारलीत तर शंभर माणसं त्याच्या जिभेवर.

ही सवय घरातही. एकदा मी थालीपीठ दिलं. एक घास खाऊन तो थांबला. "हे कुणाकडून?"

"कुणाकडून म्हणजे? मीच केलंय."

तो नुसता बघत राहिला. शेवटी मी म्हटलं, "सासूबाईंकडून. पण भाजणी माझ्या नणंदेची."

"थँक यू, सासूबाई," तो छताकडे बघून म्हणाला. "थँक यू, नणंद." आणि मगच त्यानं दुसरा घास घेतला. त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक पदार्थाला त्यानं अशी माणसं शोधायला लावली. भरली वांगी माझी, असं मी जन्मभर म्हणत आले होते. ती परळच्या शेजारीण वैद्यबाईंची निघाली.

आणखी एक गंमत आजोबांची. ते एका रविवारी गुणगुणत होते. कॉलेजात असताना गाणं शिकले होते ना, त्यातली एक बंदिश. वेंडेल दारात उभा राहून ऐकत होता. "हे कुणाकडून?" त्यानं विचारलं. आजोबांनी बुवांचं नाव घेतलं आणि सवयीनं कानाच्या पाळीला हात लावला.

"कान दुखतोय का, कॅप्टन?"

आजोबा खो खो हसले. मग समजावलं, की आमच्याकडे गुरूचं नाव घेताना कान धरतात. नाव घेण्याचीही आपली लायकी नाही, चुकलं तर माफ करा, असं म्हणायचं असतं त्यात. वेंडेलनं स्वतःचा कान धरून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात नाव घेताना हा माणूस टोपीखाली हात घालून कान धरायला लागला. मॅनेजरला वाटलं कानातलं यंत्र बिघडलं. त्यानं साउंडवाल्याला बोलावलं.

संदेश तुम्हाला आठवत असेल. गुहागरकडचा, जबल अलीत गोदामात कामाला, शुक्रवारी कधीकधी आजोबांना भेटायला यायचा तो. शेजारचे साहेब बँजो वाजवतात हे कळल्यावर तो म्हणाला, "काकू, मी पन बेंजो वाजवतो. गावात गनपतीला आमचीच पार्टी असते." पुढच्या वेळी तो कामगारांच्या कॅम्पवरून आपला बेंजो घेऊनच आला. लांबट लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. वेंडेलनं आपला गोल बँजो आणून शेजारी ठेवला. दोघं एकमेकांच्या वाद्याकडे असे बघत होते, की जणू दोघांच्या बायका एकाच नावाच्या निघाल्या.

"काकू, ह्याला बेंजो म्हनत नाय," संदेश अमेरिकनाच्या बँजोवर टिचकी मारून मला म्हणाला. "हा तर ढोलकीला दांडा लावलाय."

मी भाषांतर केलं. वेंडेल म्हणाला, "त्याला सांगा, अगदी बरोबर. पण त्यानं तरी टाइपरायटरला गाणं शिकवलंय."

त्या दुपारी संदेशनं मिरवणुकीतली एक चाल वाजवली. वेंडेलनं ती मँडोलिनवर उचलली, आणि अर्थातच विचारलं, "कुणाकडून?"

"कुनाकडून काय, सगलेच वाजवतात."

"तुला कुणी शिकवली?"

संदेश लाजला. "काकानं. गंगाराम काका. गेला तो." त्यानंतर मरीनातल्या त्या हॉटेलात, स्टेक कापणाऱ्या लोकांसमोर, वेंडेल कान धरून म्हणायचा, "ही गुहागरच्या गंगाराम काकांकडून, त्यांच्या पुतण्याच्या हातून." संदेशनं एकदा ते फोनवर रेकॉर्ड करून गावी पाठवलं. काकी रडली म्हणे.

आता त्या एका धुनेबद्दल.

ती सगळ्यांना माहीत आहे, कारण ती पूर्वी एका गाडीच्या जाहिरातीत होती. वेंडेलच्या स्वतःच्या नावावर निघालेली एकच रेकॉर्ड, त्यातली ती पहिली. नाव 'वेंडेल्स क्रॉसिंग'. हॉटेलात रोज कुणीतरी तिची फर्माईश करायचंच. ती वाजवण्याआधी वेंडेल कुणाचंही नाव घ्यायचा नाही. हात कानाकडे निघायचा, अर्ध्यावर जायचा आणि टोपी सारखी करून परत यायचा. मग तो मान वर न करता, घाईनं वाजवून टाकायचा. मला वाटायचं, ही त्याची स्वतःची धून, नाव कुणाचं घेणार? आणि स्वतःचं घ्यायला तो लाजत असेल. गेल्या वर्षीच्या सुट्टीत इरानं हट्ट केला तेव्हा हीच धून त्यानं तिला शिकवली. शिकवतानाही तो असाच घाईत होता. "दुसरी कुठलीही शिक ना," असं त्यानं दोनदा म्हटलेलं मला आठवतं. इराला तीच हवी होती.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वेंडेल आणि संदेशची बेंजो पार्टी यांचा एकत्र कार्यक्रम ठेवायचं ठरलं, आणि त्याआधी वेंडेलचा सत्कार. परिचय लिहायचं काम माझ्याकडे. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी सगळी माहिती शोधली, तपासली, मुद्देसूद लिहिली, आणि शेवटचं वाक्य मला फार आवडलं म्हणून तेच राहू दिलं: 'वेंडेल्स क्रॉसिंग या जगभर गाजलेल्या धुनेचे जनक.' वेंडेलला मी ते दाखवलं नाही. सत्काराचा परिचय आपण सत्कारमूर्तीला आधी दाखवतो का?

हॉल भरला होता. पुढच्या रांगांत पैठण्या आणि झब्बे, मागे जबल अलीहून कंपनीच्या बसनं आलेली संदेशची मंडळी. निवेदक होता पराग सामंत. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण माइक हातात आला की त्याला थांबवणं कठीण. त्यानं माझा परिचय खणखणीत वाचला. शेवटच्या वाक्यावर टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी वेंडेलच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. पराग म्हणाला, "सर, प्लीज, दोन शब्द."

वेंडेलनं नारळाकडे पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाला, "ती धून मी बनवलेली नाही. ती मिस ओडेसाची आहे. तिच्या ओसरीवर मी शिकलो."

आणि त्यानं कान धरला.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट! आपलाच संस्कार, एका अमेरिकनानं! पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे टिपले. पराग गहिवरून म्हणाला, "पाहिलंत? एवढा मोठा कलाकार, पण श्रेय गुरूला!"

"नाही," वेंडेल म्हणाला. "तुम्हाला समजलं नाही. मी ती घेतली. तिला न विचारता. आय स्टोल इट."

लोक हसले. प्रेमानं हसले. कुणीतरी म्हणालं, "व्वा!" पराग म्हणाला, "आमच्याकडचे बुवासुद्धा हेच म्हणायचे, की आम्ही फक्त चोरलं! मंडळी, याला म्हणतात विनम्रता!"

टाळ्या थांबेनात. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. वेंडेलचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं. शाल खांद्यावरून घसरत होती, ती अध्यक्षांनी पुन्हा नीट बसवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवरच्या पर्सकडे बघायला लागले. ते वाक्य माझं होतं.

कार्यक्रम झाला. 'क्रॉसिंग'ची फर्माईश झाली, त्यानं ती वाजवली नाही. गंगाराम काकांची चाल वाजली, मागची मंडळी खुर्च्यांमधून उठून नाचली.

परत येताना गाडीत आजोबा पुढे, मी आणि वेंडेल मागे. शाल घडी करून त्याच्या मांडीवर, नारळ दोन्ही पायांच्या मध्ये. शेख झायेद रोडवर गाड्यांची रांग लागली होती. तो बोलायला लागला ते खिडकीबाहेर बघतच.

मिस ओडेसा त्याच्या गावाबाहेर राहायची. काळी, म्हातारी, एकटी. तरुणपणी लोकांच्या घरचे कपडे धुऊन इस्त्री करायची. हा विशीतला पोरगा तिच्याकडे बँजो शिकायला जायचा. एक धून होती. तिला नाव नव्हतं, ती तिला नुसतं 'इस्त्रीची' म्हणायची. इस्त्री पुढे-मागे फिरते तशी ती चालायची, आणि मध्येच एका ठिकाणी थांबायची. गार झालेली इस्त्री चुलीवर ठेवायची आणि तापलेली उचलायची, तेवढा वेळ. घरात विजेची इस्त्री आली तरी धुनेतला थांबा तिथेच राहिला. "आमच्यात अशा धुनेला वाकडी म्हणतात," वेंडेल म्हणाला, "आणि ते कौतुक असतं."

रेकॉर्ड करताना कंपनीच्या माणसाला तो थांबा चूक वाटला. वेंडेलनं तो काढून धून सरळ केली. मग माणसानं विचारलं, "कुणाची आहे?" वेंडेल म्हणाला, "माझी."

"का म्हणालास?" मी विचारलं.

"तोपर्यंत माझ्याकडचं सगळं कुणाचं ना कुणाचं होतं, मिसेस जे. एक तरी गोष्ट माझी असावी असं वाटलं."

रेकॉर्ड रेडिओवर वाजायला लागली. तो तिला भेटायला गेला. ती रागावली नाही. तिनं त्याला जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर त्यानं बँजो तिच्या हातात देऊन म्हटलं, "इस्त्रीची वाजव ना." तिनं बँजो परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"ती आता तुझी आहे," म्हणाली.

तिनं ती पुन्हा कधीच वाजवली नाही. तोही पुन्हा तिच्याकडे गेला नाही.

आजोबांना राहवलं नाही. पुढून म्हणाले, "वेंडेल, आमच्या संगीतातही सगळे एकमेकांचं उचलतातच की..."

"कॅप्टन, प्लीज," तो म्हणाला. "आज अख्ख्या हॉलनं मला तेच सांगितलं. तुमच्यात माणसाला गुन्हा कबूल करायचीसुद्धा सोय नाही. लगेच हार घालता." थोड्या वेळानं म्हणाला, "आणि तो कान. ती पवित्र गोष्ट होती, कॅप्टन. मी ती पहिल्यांदा खरी वापरली आणि लोकांना ती शोभेची वाटली."

आजोबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. 

घरी आल्यावर मी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्वच्छ शब्दांत लिहिलं, की परिचयात चूक झाली, ही धून मिस ओडेसा यांची आहे, वेंडेल यांनी ती स्वतःच्या नावावर लावली आणि त्यांना ते दुरुस्त करायचं आहे. उत्तरं आली. हात जोडलेली चिन्हं, फुलं. परागनं लिहिलं, 'मॅडम, अशी माणसं आता राहिली नाहीत.' मी फोन पालथा ठेवला. इंग्रजी शिकवणारी बाई मी, एक साधं वाक्य लोकांपर्यंत पोचवू शकले नाही.

वेंडेलनं हॉटेलात प्रयत्न केला. एका संध्याकाळी आम्ही तिथे होतो. 'क्रॉसिंग'ची फर्माईश आली तेव्हा त्यानं टोपी काढून स्टुलावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. मॅनेजर लगबगीनं आला. वाईट माणूस नव्हता. वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "हबीबी, लोक जेवतायत. गोष्ट खलास. यल्ला, चल, म्युझिक." वेंडेलनं वाजवलं, पण दुसरं काहीतरी. त्याच आठवड्यात त्यानं काम सोडायचं कळवलं.

मिस ओडेसा केव्हाच गेली होती. पण तिची मुलगी त्याच गावात आहे, वेंडेलपेक्षाही म्हातारी, एवढं त्याला कळलं होतं. तिच्यासमोर बसून धून जशी होती तशी वाजवायची आणि पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्यायचं, एवढाच त्याचा बेत.

"ती दार लावून घेईल," तो म्हणाला.

"लावलं तर?" मी विचारलं.

"तर बरंच. निदान टाळ्या तरी वाजवणार नाही."

जायच्या दिवशी त्याच्या पेट्या पुन्हा लिफ्टसमोर रांगेत उभ्या राहिल्या. साबणाच्या डब्या ओल्या करायला मी मदत केली. संदेश सुट्टी टाकून आला होता. त्यानं पेट्या खाली नेल्या आणि टॅक्सी शोधायला गेला. बँजोची पेटी तेवढी वेंडेलनं स्वतःजवळ ठेवली. आम्ही तिघं खालच्या लॉबीत बसलो. सिक्युरिटीवाला डेस्कवर, संगमरवरी फरशी, काचेबाहेर ऊन. मी डब्यात थालीपीठ दिलं होतं. ते हातात घेऊन तो म्हणाला, "सासूबाई आणि नणंद." मग म्हणाला, "मिसेस जे, इराला मी खोटी शिकवली. ही धून माझ्याकडून शिकलेली या जगात ती एकटीच आहे. तेवढं सरळ करा. नाही, सरळ नको. वाकडं करा."

त्यानं पेटी उघडली, बँजो काढला. कान धरला. आम्हा दोघांशिवाय कुणी ऐकणारं नव्हतं, टाळ्या वाजवणारं तर नाहीच. "मिस ओडेसाकडून," तो म्हणाला, "तिनं दिलेली नाही." आणि वाजवायला लागला.

घाई नव्हती. मी ती धून भिंतीतून, हॉटेलात, टीव्हीवर इतक्यांदा ऐकली होती, पण ही वेगळीच होती. जाते, येते, जाते, येते, कापडावरून हात फिरावा तशी. आणि मध्येच तो थांबला. उजवा हात तारांपासून उचलून त्यानं हवेत धरला. आजोबांना वाटलं विसरला, ते पुढे झुकले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

कुठेतरी चुलीवर एक इस्त्री ठेवली जात होती आणि दुसरी उचलली जात होती.

मग हात खाली आला आणि धून पुढे गेली. बाहेर टॅक्सी लागली. त्यानं पेटीत बँजो ठेवला, डबी चाचपली, आणि काचेच्या दारातून उन्हात गेला. मागे वळला नाही. टोपी नव्हती, मागे बांधलेल्या केसांची पांढरी शेपटी तेवढी दिसत होती.

त्याचं पुढे काय झालं, मुलीनं दार उघडलं का, हे मला ठाऊक नाही. त्यानं कळवलेलं नाही.

इरा, आता तू. पुढच्या वेळी आधी नाव घे. कान धरायचा की नाही ते तू ठरव. धरलास तर मनापासून धर, नाहीतर नको. आणि दुसऱ्या भागात, जिथे तू भरकन पुढे जातेस, तिथे हात उचल आणि थांब. लोकांना वाटेल तू विसरलीस. वाटू दे. ती इस्त्री तापेपर्यंत थांब.

तुमची,
आजी